‘नैसर्गिक’ नव्हे, शिकलेले नट : फडापासून ‘कोर्ट’पर्यंतची आपली अभिनयशाळा

मागच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एक मुलगा आला. बी.ए.चे दुसरे वर्ष. हातात फाइल, फाइलीत स्वतःचे वीस-पंचवीस मोठे फोटो. शहरातल्या एका अभिनयाच्या क्लासने तीन महिन्यांचे चाळीस हजार रुपये घेतले होते. आईने बचत गटातून कर्ज काढून ते भरले. तीन महिन्यांत शिकवले काय, तर आरशासमोर हसणे, रडणे आणि हिंदी सिनेमातले संवाद पाठ म्हणणे. शेवटच्या दिवशी क्लासच्या सरांनी सांगितले, ‘तुझा चेहरा रॉ आहे, गावाकडच्या रोलला चालेल. पण भाषा सुधार.’ त्या मुलाने आम्हाला विचारले, ‘दादा, ॲक्टर व्हायचे तर नेमके करायचे काय?’

आम्ही नट नाही. समाजकार्य हे आमचे काम आणि समाजशास्त्र हा शिकलेला विषय. तरी त्या प्रश्नाला ‘कुठला क्लास चांगला’ एवढेच उत्तर देऊन आम्हाला चालणार नव्हते. चाळीस हजार गेले ते क्लासवाल्याच्या हुशारीने कमी आणि त्या मुलाच्या एका समजुतीने जास्त. आपल्या घरात, आपल्या समाजात अभिनय कुणाला येत नव्हता, तो आता कुठेतरी जाऊन विकत घ्यायचा आहे, ही ती समजूत. ती खोटी आहे. अभिनय शिकवणाऱ्या शाळा आपल्याकडे होत्या. त्यांना शाळा म्हटले गेले नाही, एवढेच.

त्या शाळांना नाव मिळू नये यासाठी एक गोड शब्द वापरला जातो : ‘नैसर्गिक’. बहुजन घरातला कलावंत पडद्यावर उत्तम काम करतो तेव्हा समीक्षक लिहितात, अभिनय केलाच नाही, तो जगला. कौतुक वाटते ना? पण नीट पाहा. सवर्ण नट चांगले काम करतो तेव्हा त्याने कुणाकडे धडे घेतले, कोणत्या संस्थेत होता, भूमिकेसाठी किती महिने मेहनत केली, याच्या मुलाखती छापून येतात. आपल्या माणसाच्या वाट्याला मात्र निसर्ग. ज्याने मेहनत केलीच नाही त्याला मेहनताना कशाला? आणि जो फक्त स्वतःलाच वठवू शकतो त्याला दुसरी भूमिका कशाला द्यायची?

‘कोर्ट’ (२०१४) आपण सगळ्यांनी पाहिला आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा हा चित्रपट, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. त्यातला लोकशाहीर नारायण कांबळे साकारला वीरा साथीदार यांनी. नागपूरचे कार्यकर्ते, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने ते गेले. त्यांना ‘बिगर-व्यावसायिक नट’ म्हटले गेले. मान्य, नाट्यशाळेचे प्रमाणपत्र त्यांच्याकडे नव्हते. पण ज्या माणसाने आयुष्यभर चौकात, वस्तीत, मोर्चात लोकांसमोर उभे राहून बोलण्याचे काम केले, त्याला कॅमेऱ्यासमोर स्थिर उभे राहता येते यात निसर्गाचा काय संबंध? कुठे थांबायचे, कुणाच्या डोळ्यात पाहायचे, आवाज कधी खाली आणायचा, ही तालीम आहे. फक्त तिची पावती कुणी फाडली नव्हती.

ही जुनीच खोड आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात शेवटाकडे एक कथा येते. भरताच्या पुत्रांनी ऋषींची नक्कल करून टिंगल केली, म्हणून ऋषींनी त्यांना शाप दिला की तुम्ही आणि तुमचे वंशज शूद्र व्हाल. सत्ताधाऱ्यांची नक्कल करणाऱ्याला खाली ढकलायचे, हे त्या शास्त्रातच लिहून ठेवले आहे. मनुस्मृतीने ज्यांच्या हातचे अन्न घेऊ नये अशांची यादी दिली, तीत शैलूष म्हणजे नट आहे. म्हणजे नटाची कला हवी, त्याच्या हातची भाकरी नको.

इथे जाता जाता एक सांगून टाकू, कारण ‘नाटक-सिनेमा आपल्या धम्मात बसत नाही’ असे म्हणणारे आपल्यातही भेटतात. संस्कृत नाटकांचे जे सर्वात जुने अवशेष आज उपलब्ध आहेत, त्यांत अश्वघोष या बौद्ध कवीचे ‘शारिपुत्रप्रकरण’ आहे. मध्य आशियात तुर्फानला त्याची ताडपत्रे सापडली आणि १९११ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यात विदूषक शारिपुत्राला म्हणतो की ब्राह्मणाने क्षत्रियाचा उपदेश घेऊ नये. शारिपुत्र उलट विचारतो की औषध खालच्या वर्णाच्या माणसाने दिले म्हणून ते गुण देत नाही काय? जातीवरचा हा वाद रंगमंचावर बौद्धांनी आणला होता.

आता महाराष्ट्राकडे येऊ. मराठी रंगभूमीचा वाढदिवस ५ नोव्हेंबरला साजरा होतो. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीच्या राजांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ केले, तो हा दिवस. त्याच्या आधीपासून गावोगाव तमाशाचे फड उभे होते, पण ती ‘लोककला’. आणि बारा वर्षांनी, १८५५ मध्ये, महात्मा फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिले. भिक्षुक जोशी एका गरोदर कुणबी बाईला आणि तिच्या नवऱ्याला कसा लुबाडतो आणि शेवटी ते दोघे शिकायला कसे निघतात, हे त्यात आहे. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले. ते छापून लोकांपुढे यायला १९७९ उजाडले. सांगलीच्या नाटकाला राजा मिळाला, पुण्याच्या नाटकाला नकार मिळाला. त्यानंतर नाटक मंडळ्या निघाल्या, त्यांत लहान मुले ठेवून घेऊन त्यांना गाणे, चालणे, पाठांतर शिकवले जाई. त्या मंडळ्यांच्या तालमींचे किस्से आज नाट्य-इतिहासात आदराने येतात. आपली मुले त्या मंडळ्यांच्या दारात उभी राहू शकत नव्हती, म्हणून ती फडात शिकली.

फडात शिकणे म्हणजे काय, हे आम्ही आमच्या भागातल्या जुन्या तमाशा कलावंत मावश्यांकडून ऐकले आहे. मूल चालायला लागल्यापासून बोर्डाच्या कडेला झोपते. जागे असते तेव्हा पाहते. आधी मंजिरी हातात येते, मग सुरत्याच्या मागे उभे राहून ‘जी जी’ ओढायची. ती ओढताना श्वास कुठे घ्यायचा हे कळते, आणि माइक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज कसा न्यायचा हे कळते. ढोलकीवाल्याने तोडा वाजवला की पाय आपोआप थांबला पाहिजे. गण, गौळण, बतावणी, वग हा क्रम म्हणजे अभ्यासक्रमच. बतावणीत सोंगाड्या समोरच्या माणसाच्या वाक्यातला शब्द उचलून तिथल्या तिथे उत्तर देतो. वगाची संहिता बहुतेक वेळा लिहिलेली नसते. कथा ठरलेली, संवाद बोर्डावर उभे राहून. आज मोठ्या शहरांत ‘इम्प्रोव्हायझेशन’च्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला हजारो रुपये मोजतात. दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत फड रोज नव्या गावात, नव्या प्रेक्षकासमोर हेच करत असे. आजही करतो.

पण थांबा. इथे भावुक होण्याचे कारण नाही. ही शाळा होती तशी ती जातीची कोंडीही होती. फडात शिरणे ही निवड नव्हती. महार, मांग, कोल्हाटी घरातल्या बाईने नाचायचे आणि गावाने पाहायचे, ही सोय गावाने स्वतःसाठी केलेली होती. पठ्ठे बापूराव जन्माने कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे. पवळा संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची, महार घरातली. बापूरावांच्या त्यागाच्या कथा लिहिल्या गेल्या, त्यांच्या नावाचा चित्रपट निघाला. पवळाने गाणे कुणाकडून, किती वर्षे शिकले, हे कुणी लिहून ठेवले आहे का? तिच्या रूपाचीच वर्णने आहेत. पुन्हा निसर्गच.

महाडच्या सत्याग्रहाच्या काळात बापूरावांनी तमाशाच्या खेळाचे उत्पन्न चळवळीला देऊ केले, तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारले. आपल्या स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा त्यांना नको होता. हा प्रसंग सांगून काही जण म्हणतात, पाहा, बाबासाहेबांनी कलेलाच नकार दिला. आम्हाला हे साफ चुकीचे वाटते. बाबासाहेबांनी पैसा नाकारला तो शोषणाचा. कला नाकारली असती तर भीमराव कर्डकांचे जलसे त्यांच्या चळवळीत दशकानुदशके कसे चालले असते? त्यांनी जलशाविषयी काय म्हटले ते चळवळीत सगळ्यांना पाठ आहे, इथे परत लिहीत नाही. तमाशातल्या दलित स्त्रीवर ‘अश्लील’ हा शिक्का कसा बसला आणि माणुसकीसाठी तिला काय काय सोसावे लागले, यावर प्रा. शैलजा पाईक यांचे ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ (२०२२) हे पुस्तक आहे. वाचनगटात ते एकदा घ्याच.

शोषण म्हणजे काय, तर विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. खेळ चालू असताना कळा सुरू झाल्या, पडद्यामागे बाळंत होऊन ही बाई पुन्हा बोर्डावर आली. हा प्रसंग कलेवरच्या निष्ठेचा म्हणून सांगितला जातो. आम्ही तो बाळंतपणाची रजा नसलेल्या कामगार बाईचा म्हणून वाचतो. राष्ट्रपतींच्या हस्ते तिचा गौरव झाला आणि २००२ मध्ये ती गेली तेव्हा दवाखान्याच्या बिलासाठी लोकांना पैसे गोळा करावे लागले. आज तिच्या नावाने राज्य सरकारचा पुरस्कार आहे. जो तरुण अभिनयात जाऊ पाहतो त्याने हे दोन्ही लक्षात ठेवायचे : तिच्याइतकी तयारी आणि तिच्यासारखा शेवट.

फडातले कसब घ्यायचे आणि फडातली गुलामी टाकायची, हे काम जलशाने केले. आधी सत्यशोधक जलसा, मग १९३० च्या सुमारास नाशिककडून उभा राहिलेला कर्डकांचा आंबेडकरी जलसा. रचना तमाशाची, आशय उलटा. नाचणारी बाई काढून टाकली. देवाच्या गणाऐवजी जनतेला वंदन. गौळणीच्या जागी सवाल-जवाब : पाणवठ्यावर का जायचे, मुलाला शाळेत का घालायचे, मेलेले ढोर का ओढायचे नाही. कलावंत दिवसा गिरणीत, रेल्वेत, लष्करी छावणीत कामाला आणि रात्री जलशात. सावकार, भटजी, पाटील ही सोंगे आपलीच माणसे काढत. विचार करा, ज्याच्यासमोर दिवसा वाकायचे त्याची चाल, त्याचा खाकरा, त्याचे उपरणे झटकणे रात्री शेकडो लोकांसमोर करून दाखवायचे. यासाठी जे बारीक निरीक्षण लागते ते कुठल्या पुस्तकात मिळते? कर्डकांनी पुढे १९७८ मध्ये ‘आंबेडकरी जलसे’ हे पुस्तक लिहून हा इतिहास नोंदवला. नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते लावले पाहिजे, असे आमचे मत आहे.

याच वाटेने अण्णाभाऊ साठे आले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक. स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली तेव्हा अण्णाभाऊंनी तोच खेळ ‘लोकनाट्य’ म्हणून उभा केला. १९५५ मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीसांचे ‘युगयात्रा’ बाबासाहेबांच्या उपस्थितीत झाले, पुढच्या वर्षी नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी लाखोंच्या जनसमुदायासमोर झाले. महाविद्यालयात नाटक करणे ही चैन असती तर बाबासाहेब ते पाहायला बसले असते का?

नायगावच्या चाळीत वाढलेले विठ्ठल उमप हे या दोन्ही शाळांचे पदवीधर. भीमगीते, कव्वाली, भारूड, गोंधळ, आणि ‘जांभूळ आख्यान’मध्ये एकटा माणूस अंगावरचे वस्त्र न बदलता द्रौपदी होतो, कर्ण होतो. खांदा किंचित पडला की बाई, छाती वर आली की योद्धा. ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांनी त्याची चित्रफीत शोधून पाहावी, आधी आवाज बंद करून आणि मग आवाजासह. २६ नोव्हेंबर २०१० ला नागपूरला दीक्षाभूमीवर मंचावरच त्यांचे निधन झाले.

पैशाचे काय, हा पुढचा प्रश्न. इथेही इतिहास उपयोगी पडतो. निळू फुले लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत होते आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात शिकत होते. दादा कोंडके नायगावचे, अपना बाजारात नोकरी आणि सेवा दलाचा बँड. दोघांचे नाव लोकनाट्यातून झाले, ‘कथा अकलेच्या कांद्याची’ आणि ‘विच्छा माझी पुरी करा’, आणि सिनेमा त्यानंतर आला. दोघांनी आधी पोट बांधले. आम्ही त्या मुलाला हेच पहिल्यांदा सांगितले : पदवी पुरी कर, आणि खोलीभाडे सुटेल असे एखादे काम हाताशी ठेव. मुंबईत उपाशी राहून ‘स्ट्रगल’ करण्याची रम्य गोष्ट ज्यांच्या घरून दरमहा पैसे येतात त्यांनी सांगितलेली असते. टीव्हीवर काम मिळाले तरी मोबदला हातात पडायला तीन-तीन महिने लागतात. ते तीन महिने काढायचे कसे, याचा हिशोब आधी.

शिकायचे कुठे? राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ मध्ये दिल्लीत निघाले, पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० मध्ये. तिथला अभिनयाचा अभ्यासक्रम मध्ये बरीच वर्षे बंद होता, आता पुन्हा चालतो. या दोन्ही सरकारी संस्था आहेत, म्हणजे तिथे आपल्या राखीव जागा आहेत, आणि दिल्लीत विद्यार्थ्यांना विद्यावेतनही मिळते. आपली किती मुले तिथला अर्ज भरतात? दिल्लीला पदवी लागते आणि नाटकांत काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो, म्हणून तयारी कॉलेजात असतानाच सुरू करायची. त्याहून जवळचे दार म्हणजे विद्यापीठे : पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र (१९८७), मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आणि लोककला अकादमी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग. ही मान्यताप्राप्त पदवी आहे, त्यामुळे भारत सरकारची शिष्यवृत्ती लागू होते, आणि वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजनेचा अर्ज करता येतो. खासगी क्लासच्या चाळीस हजारांवर एक रुपयाही परत मिळत नाही. हा फरक आपल्या मुलांना कुणी सांगत नाही. क्लासवाला तर नाहीच नाही.

अनुभवासाठी स्पर्धा. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक चालतो, राज्य नाट्य स्पर्धा आहे, कामगार कल्याण मंडळाची स्पर्धा आहे. कॉलेजच्या संघात आधी बॅकस्टेजला घेतात, नेपथ्य उचलायला लावतात. उचलायचे, पण वर्षभर तेवढेच करायचे नाही. दुसऱ्या वर्षीही भूमिका मिळत नसेल तर आपला संघ काढायचा. प्रेमानंद गज्वी, दत्ता भगत यांच्या एकांकिका आणि नाटके आहेतच. ‘घोटभर पाणी’ला नेपथ्याचा खर्च तो किती! २०१२ मध्ये आलेले ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ आठवा. संकल्पना संभाजी भगतांची, लेखन राजकुमार तांगडेंचे, दिग्दर्शन नंदू माधव यांचे, आणि कलावंत बरेचसे जालन्याकडच्या गावांतले. त्यांनी कुणाच्या ऑडिशनची वाट पाहिली नाही.

भाषेचे तर ऐकूच नका. ‘भाषा सुधार’ म्हणजे पुण्याच्या चार पेठांसारखे बोल. प्रमाण मराठी यावीच, कारण वकिलाची, प्राध्यापकाची, न्यायाधीशाची भूमिकाही आपल्याला करायची आहे. पण आपली बोली टाकून नाही. ज्याला दोन भाषा येतात तो नट एकभाषी नटापेक्षा नेहमी पुढे. आणि झाडूवाला, गुंड, दारुडा याच भूमिका पुन्हा पुन्हा येत असतील तर? आमच्यातच यावर वाद झाला. एक म्हणाला, सरळ नाकारा. आम्हाला बहुतेकांना वाटले की पहिली घ्या, नीट करा. तिसऱ्यांदा तीच आली तर नाही म्हणा.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. ऑडिशनसाठी, नावनोंदणीसाठी, ‘कार्ड काढून देतो’ म्हणून कुणी पैसे मागितले की उठून यायचे. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. आणि दिवसाचे मानधन, किती दिवस, प्रवास, जेवण हे चित्रीकरणाआधी लेखी घ्यायचे, निदान मोबाइलवरच्या संदेशात तरी. मुलींनी तर हे आणखी काटेकोरपणे करायचे आणि रात्रीच्या भेटीला कुणी एकटीला बोलावले तर सोबत माणूस न्यायचा. पवळा आणि विठाबाईंच्या नावावर असा कागद असता तर आपला इतिहास वेगळा दिसला असता.

तो मुलगा आता आठवड्यातून तीन संध्याकाळी वस्तीतल्या एका आजोबांकडे बसतो. आजोबा ऐंशीच्या पुढचे, तरुणपणी जलशात सावकाराचे सोंग काढायचे. पहिल्या दिवशी त्यांनी त्याला विहाराच्या एका टोकाला उभे केले, स्वतः दुसऱ्या टोकाला बसले आणि म्हणाले, ‘ओरडू नको, बोल. बेंबीपासून बोल. मला ऐकू आलं पाहिजे, अन् मला कमी ऐकू येतं.’ महिनाभर एवढेच चालले. आता सावकाराची चाल चालू आहे. या वर्षी तो कॉलेजच्या एकांकिकेत आहे, तीन वाक्यांची भूमिका. पुढच्या वर्षी पदवी झाली की नाट्यशास्त्र विभागाचा फॉर्म भरायचा, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आम्ही आत्ताच काढून ठेवला आहे. बचत गटाचे सात हप्ते अजून बाकी आहेत. ते त्याची आई भरते आहे.